नानांच्या टाइमटेबलातली विमानं

आमच्या ग्रुपचे किस्से कुणी लिहून ठेवत नाही, तरी ते साचतात. माळ्यावर रिकामे डबे साचतात ना, तसे! एक काढायला गेलं की मागचे चार अंगावर येतात. परवा स्टाफरूममध्ये सहज एक सांगायला घेतला, तर सगळ्यांचे चहा गार झाले आणि शेवटी "मॅडम, हे लिहाच" असा हुकूम सुटला. म्हणून लिहिते.

आधी ग्रुप कसला ते सांगते. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक सिम्युलेटर आहे. ओपन सोर्स, म्हणजे फुकट. जगभरातले हौशी लोक फावल्या वेळात तो बनवतात. त्यात तुम्ही आपलं विमान घेऊन उडालात की आजूबाजूला इतर विमानंही येता-जाताना दिसायला हवीत, नाहीतर आकाश अगदी ओस वाटतं. ही इतर विमानं कॉम्प्युटर चालवतो. पण कधी निघायचं, कुठून वळायचं, कुणाच्या मागे थांबायचं, हे त्याला कुणीतरी लिहून द्यावं लागतं. जळगाव आणि धुळ्यापुरतं ते आम्ही चौघं लिहितो.

चौघांतली एक मी. पिंप्राळ्यात राहते, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. दुसरा पवन, माझा जुना विद्यार्थी. तो दोंडाईच्याला वडिलांच्या कापडदुकानात बसतो आणि तिथूनच कोड लिहितो. तिसरा भूषण, फैजपूरचा केळीवाला. धावपट्ट्या आणि विमानांचे जमिनीवरचे रस्ते तो आखतो. आणि चौथे नाना. आमच्या ह्यांचे मामा, मुक्काम धुळे. एसटीत बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. रिटायर झाल्यावर घरात कुणी त्यांचं ऐकेना, म्हणून मी त्यांना विमानांचं टाइमटेबल करायला दिलं.

आमचं सगळं काम फिनलंडचा मिको तपासतो. त्याने पास केलं तर आमचं ट्रॅफिक नव्या आवृत्तीत जाणार आणि बनवणाऱ्यांच्या यादीत नावं लागणार. आम्हा तिघांना त्याचं एवढं काही नव्हतं. नानांचा मात्र जीव त्या यादीत अडकला होता. "बत्तीस वरीस टाइमटेबल मी करं, आनि फलकवर सही सायबनी! आठे तरी नाव येई ना मनं?" हे ते दर फोनला विचारायचे. मी दर फोनला "येईल ना नाना" म्हणायचे आणि मनातून घाबरायचे. का घाबरायचे, ते पुढे कळेलच!

*

नानांना पहिल्यांदा मी एवढंच सांगितलं होतं, की जळगावहून मुंबईला एक विमान जातं. दोन दिवसांत त्यांनी वहीभर टाइमटेबल पाठवलं. सुबक अक्षर, लाल शाईने रेघा. पवनने ते जसंच्या तसं फाईलमध्ये भरलं.

विमान झकास उडालं. आणि पाचव्या मिनिटाला खाली यायला लागलं. एरंडोलवर! तिथे धावपट्टी कुठली? बिचारं एरंडोलच्या डोक्यावर इंधन संपेपर्यंत घिरट्या घालत राहिलं.

फाईल उघडून पाहिली. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, नाशिक, मुंबई. मी नानांना फोन लावला. म्हटलं, "नाना, विमान मध्ये कुठे थांबत नाही हो."

फार दुखावलेल्या आवाजात नाना म्हणाले, "मंग एरंडोलना लोके कसा जातीन?"

*

भूषणची तऱ्हा वेगळी. विमानतळावर विमान इमारतीकडे तोंड करून उभं असतं. निघताना त्याला एक ट्रॅक्टर मागे ढकलतो, मग ते वळून धावपट्टीकडे जातं. भूषणने आखलेल्या रस्त्यांत हे मागे ढकलणं मुळी नव्हतंच.

त्यामुळे पहिलं विमान सरळ पुढे निघालं. काचेतून आत, तिकीट काउंटरवरून, मुख्य दारातून बाहेर, रिक्षास्टँडला वळसा घालून शांतपणे धावपट्टीवर!

"भूषण, हे काय आहे?"

"मॅडम, भरेल गाडी कधी रिव्हर्स घ्यायची नसते. आमच्या बागेत ट्रक एकीकून घालतो, दुसरीकून काढतो. मालाले दणका बसते."

"अरे, आत माल नाही. माणसं आहेत!"

"मंग तं अजूनच!"

*

पवन हुशार आहे, पण लग्नसराईत त्याच्याकडून काही करून घेणं म्हणजे दिव्य. एक हात कीबोर्डवर, दुसऱ्या हातात मीटर. कोड पाठवताना आपण काय बदल केला ते एका ओळीत लिहावं लागतं, आणि ती ओळ जगभर दिसते. दोन विमानांत अंतर कसं राखायचं, हा अवघड भाग पवनने तेव्हा पूर्ण केला. ओळ लिहायला घेतली आणि तेवढ्यात दुकानात बस्ता आला. वीस माणसं! पवन तोंडाने जे बोलत होता तेच बोटांनी टाइप करत गेला.

ओळ अशी गेली: "दोन विमानांत पुरेसं अंतर राखलं आहे. फॉल-बीडिंग करून मिळेल. ब्लाउज पीस वेगळा."

तीन दिवसांनी मिकोचं उत्तर आलं. अतिशय गंभीर. "अंतराचं उत्तम झालं आहे. ब्लाउज पीस हा स्वतंत्र भाग आहे का? तो आधी इन्स्टॉल करावा लागेल?"

पवनने घाबरून वडिलांना वाचून दाखवलं. ते गादीवरून हललेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आधी त्याला विचार, साडी कोणती घेतली!"

*

मे महिन्यात मी स्वतः दिवे लावले. बाहेरचं खरं हवामान सिम्युलेटरला जोडलं. बाहेर जे तापमान, तेच आत. मोठ्या कौतुकाने सगळ्यांना कळवलंही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकही विमान उडेना! धावपट्टी संपली तरी जमिनीवरच, तसंच पुढे कपाशीत. तीन दिवस मी कूलरसमोर डोक्यावर ओला टॉवेल घेऊन कोड उलटापालटा केला. काही सापडेना. चौथ्या दिवशी भूषण कामानिमित्त जळगावला आला होता, तो घरी डोकावला. दोन तांबे पाणी प्यायला आणि स्क्रीनकडे बघत म्हणाला, "बाहेर किती हाये?"

"शेहेचाळीस."

"मंग बरोबर हाये! इतल्या उन्हात आमच्याकडे मानूस बाजेवरून उठत नाही, इमान काय उठीन?"

मी वैतागून हसले. मग पुस्तक उघडलं. खरंच, तापलेली हवा विरळ होते आणि विरळ हवेत जड विमानाला उठायला जड जातं. कोड अगदी बरोबर होता. चूक जळगावची होती! नानांना सांगितलं, तर त्यांनी दुपारच्या सगळ्या फेऱ्या सकाळी सातच्या आत घेतल्या.

*

भाऊबीजेचा किस्सा अगदी लहान आहे. नानांनी कुणाला न विचारता धुळ्याला जादा विमानं सोडली. किती? धुळ्याची छोटी धावपट्टी भरली, कडेचं गवत भरलं, आणि शेवटचं विमान हायवेवरच्या ढाब्यासमोर उभं राहिलं. माझा कॉम्प्युटर बंद पडला. नाना म्हणाले, "दरसाल असंच व्हस. स्टँडच ल्हान शे."

*

नानांना निनावी विमानं आवडत नसत. टाइमटेबलाच्या फाईलमध्ये शेरा लिहायला एक रकाना असतो. त्यात त्यांनी प्रत्येक विमानाला आपल्या डेपोतला एकेक ड्रायव्हर दिला. इथवर ठीक होतं. मग ते ड्रायव्हर बघून वेग बदलायला लागले!

पाटील ड्रायव्हरचं विमान सगळ्यांत हळू. इतकं हळू की ते जळगावला उतरायला आलं की मागे भुसावळपर्यंत विमानांची रांग लागायची. मी म्हटलं, "नाना, पाटलांचा वेग वाढवा." नाना ठाम. "पाटील गाडी चालाडस ना, पोटमधलं पानी हालत नही!" मी म्हटलं, मग पाटलांना काढून टाका. नाना म्हणाले, "त्याना रिटायरमेंटले दोन वरीस ऱ्हायनात, सूनबाई."

कोडमधल्या विमानाची रिटायरमेंट! पण माझीही जीभ पुढे रेटेना. शेवटी तोडगा निघाला. पाटलांची बदली धुळे–जळगाव फेरीवर झाली. संध्याकाळची ती एकच फेरी असते आणि मागे कुणी नसतं. बदलीचा आदेश नानांनी रकान्यात रीतसर लिहिला.

*

शेवटी मिकोच्या तपासणीचा दिवस आला. रविवार दुपार. सगळे माझ्याकडे पिंप्राळ्यात जमले. भरिताची वांगी भूषणने आणली होती. नाना धुळ्याहून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खिशाला पेन. पण धास्तीने भरीत-पुरी कुणी खाल्ली नाही.

मिको फिनलंडहून आमचा स्क्रीन बघत होता. नियम त्याने आधीच कळवला होता. सिम्युलेटरमध्ये एक अख्खा दिवस वेग वाढवून चालवायचा, आणि एकही विमान विनाकारण जमिनीवर अडकून राहता कामा नये. एक जरी अडकलं, तर यंदाच्या आवृत्तीत आमचं काम नाही आणि यादीत नावंही नाहीत.

सकाळ सुरळीत गेली. कुणी एरंडोलला उतरलं नाही. कुणी तिकीट काउंटरवरून गेलं नाही. दुपार गेली. सिम्युलेटरमध्ये संध्याकाळ झाली आणि जळगाव–मुंबई हे शेवटचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. उभंच राहिलं. निघायची वेळ झाली, टळली, वर दहा मिनिटं झाली. विमान जागचं हलेना.

मी भराभरा कोड चाळायला लागले. पवन छताकडे बघत होता. विद्यार्थी छताकडे कधी बघतात ते मला चांगलं माहीत आहे.

"पवन, काय केलंयस?"

"मॅडम, ते अडकलेलं नाहीये. वाट बघतंय."

"कुणाची?"

"धुळ्याच्या विमानाची. नानांनी सांगितलं, मी टाकलं."

मी नानांकडे वळले. नाना शांत होते. म्हणाले, "शेवटनी गाडी शे ती. धुयानी गाडी लेट शे. तिना पॅसेंजर सोडीसन जावानं का?"

धुळ्याचं विमान लेट का होतं, हे विचारायची गरजच नव्हती. ते पाटील चालवत होते!

तेवढ्यात स्क्रीनवर मिकोची ओळ आली. "हे विमान का थांबलं आहे?"

मी लिहायला घेतलं, की चूक आहे, दुरुस्त करतो. नानांनी माझ्या हातावर हात ठेवला. "खरं लिख." मी म्हटलं, "नाना, नाव जाईल तुमचं." त्यांनी हात बाजूला केला नाही. "जाऊ दे. खरं लिख."

मी खरं ते लिहिलं. शेवटची गाडी आहे, जोडगाडी यायची आहे, म्हणून थांबली आहे.

मिकोचं उत्तर लगेच आलं. "पण आत तर कुणीच नाही. आपण प्रवासी बनवलेलेच नाहीत."

मी ते मराठीत वाचून दाखवलं. नानांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

"त्याले सांग, एक डोकरी शे. साक्रीनी. मुंबईले लेककडे चालनी. हातमा पिशवी शे. तिले पळता येत नही."

मी जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. साक्रीची एक म्हातारी, लेकीकडे मुंबईला, हातात पिशवी, पळता येत नाही. मिको लिहितोय असं नुसतं दिसायचं आणि थांबायचं.

पश्चिमेच्या अंगाला अंधूक दिवे दिसले. पाटलांचं विमान वळसा घेऊन आलं. पोटातलं पाणी न हलवता खाली आलं, टेकलं, सावकाश जागेवर जाऊन उभं राहिलं. शेवटचं विमान अजून दोन मिनिटं तसंच थांबलं. मग हललं, धावपट्टीवर आलं आणि मुंबईकडे उडालं.

स्क्रीनवर हिरवी खूण आली. तिच्याखाली यादी उघडली. चार नावं होती, आणि शेवटचं होतं नाना, धुळे. नाना खुर्ची पुढे ओढून ते बोटाने वाचत होते. तेवढ्यात यादीच्या खाली मिकोची आणखी एक ओळ उमटली.

"म्हातारीला खिडकीची जागा मिळाली का?"