यादीतली सातवी खानावळ

आक्काच्या खानावळीला पाटी नव्हती. दोन लांब बाकडी, एक चूल, एक खिडकी. समुद्र समोरच होता, पण खिडकी मागे, नौका दुरुस्तीच्या कारखान्याकडे उघडायची. समुद्राकडच्या भिंतीला दाराखेरीज दुसरं भोक तिने पाडू दिलं नव्हतं.

"समुद्र बघायला येणारा जेवत नाही, चिवडतो," ती म्हणायची.

कारखान्यातली माणसं तिला तोंडावर आक्का आणि पाठीमागे फौजदार म्हणत. पन्नाशी उलटलेली, बुटकी, मनगटाला कायम माशाचे खवले चिकटलेले. खानावळ काढण्याआधी अकरा वर्षं ती किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात स्वयंपाकाला होती. एकदा एका पाहुण्याने तोच मासा तीनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा ती तो मासा घेऊन त्याच्या टेबलाशी गेली, समोर उभी राहून तिने तो खाल्ला, काटे त्याच्या बशीत ठेवले आणि घरी निघून गेली.

हे मला तिच्या धाकट्या भावाने सांगितलं. गाळा त्याचा होता, पूर्वी त्यात बर्फ साठवत. कारखान्याची माणसं तुझ्याकडे जेवतात तोवर गाळा तुझा, असं त्याने तिला सांगून टाकलं होतं. शेजारी त्याच्या बायकोचं रंगीत छत्र्यांचं रेस्टॉरंट होतं. वहिनीचा गाळ्यावर डोळा होता. ती ते लपवतही नसे.

आक्काची एक पद्धत होती. दाराबाहेर भिंतीला लाकडी फळी. फळीवर सव्वीस स्टीलच्या ताटल्या पालथ्या मांडलेल्या. प्रत्येकीवर खिळ्याने ओढलेली खूण: गळ, करवत, चांदणी, नुसत्या दोन रेघा. ज्याची त्याची ताटली ठरलेली. सकाळी कामावर जाताना ज्याला जेवायचं असेल त्याने आपली ताटली उताणी करायची. नऊ वाजता आक्का बाहेर यायची, उताण्या ताटल्या बघायची आणि तेवढ्यांचा मासा आणायला बाजारात जायची. बोलणं नाही, विचारणं नाही. कुणाचं तिच्याशी वाजलेलं असलं, कुणाला दुसरीकडे जेवायचं असलं, तर ताटली पालथी. कारण सांगावं लागत नसे. चौदा वर्षं तिने एक माणूस उपाशी पाठवला नव्हता, एक तुकडा फेकला नव्हता.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. पर्यटन माहिती केंद्रात नुकताच लागलो होतो. साहित्यात एम.ए. केलेल्याला जी नोकरी मिळते ती मिळाली होती. सकाळी कुणालातरी ताटली उलटताना पाहिलं, म्हणून मीही एक उलटली. दुपारी गेलो. आक्काने माझ्याकडे नखशिखांत पाहिलं आणि भात वाढला. पुढे दोन वर्षं मी तिथे जेवलो; टोकाची, दोन रेघांची ताटली रोज मोकळी असायची, मी तीच उलटायचो. ताटली उलटली की जेवण मिळतं, असंच मी समजत होतो. पहिल्या दिवशी मी उलटलेली ताटली तापाने घरी पडलेल्या वेल्डरची होती, आणि मी फार भुकेला दिसत होतो म्हणून तिने मला वाढलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

या हंगामात केंद्राने ‘कुठे जेवाल?’ नावाचं पत्रक काढायचं ठरवलं. लिहायचं काम माझ्याकडे आलं. छत्र्यांची सहा रेस्टॉरंटं आधी लिहिली. सगळ्यांबद्दल एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत. मग सातव्या क्रमांकावर आक्का. तिच्याबद्दल मी मनापासून लिहिलं. शेवटी लिहिलं: ‘सकाळी फिरायला जाताना फळीवरची कुठलीही ताटली उताणी करून ठेवा. दुपारी तुमचं जेवण तयार असेल.’

तिला विचारलं नाही. तिला आनंद होईल असं वाटलं होतं.

पत्रक वाटल्यानंतरच्या सोमवारी नऊ वाजता सव्वीसच्या सव्वीस ताटल्या उताण्या होत्या. आक्का सव्वीस जणांचा मासा घेऊन आली. बाराला दहा कमी असताना उन्हाने लाल झालेले पाहुणे आले आणि ताटल्या मांडीवर घेऊन बाकड्यांवर बसले. फोटो काढू लागले. बारा वाजता कारखान्याचा भोंगा झाला. माणसं आली आणि दारात थांबली. त्यांना अर्धा तास सुट्टी असते.

सर्वांत जुना सुतार दारातून आपली करवतीची खूण शोधत होता. ती ताटली एका बाईच्या हातात होती. तिने अर्धा मासा खाऊन उरलेल्यावर रुमाल टाकला होता. सुतारकाका दोन मिनिटं उभे राहिले आणि वळून गेले.

मंगळवारी पुन्हा सगळ्या ताटल्या उताण्या. या वेळी ताटल्या उलटून गेलेले पाहुणे आलेच नाहीत, आणि कालच्या प्रकाराने वैतागलेले अर्धेअधिक कामगारही आले नाहीत. मासा उकिरड्यावर गेला. बुधवारी आक्का सकाळी सहापासून फळीपाशी उलथणं घेऊन उभी राहिली. मी कामावर जाताना पाहिलं. एका पाहुण्याने ताटलीला हात लावला. तिने त्याच्या बोटांवर उलथणं हाणलं.

"हात काढ. ते माणसाचं ताट आहे."

"मग मी कोण आहे?"

"तू गिऱ्हाईक आहेस. शेजारी जा. तिथे छत्री पण मिळेल."

शेजारून वहिनीने ऐकलं. ती हसत बाहेर आली. "वन्सं, मारताय कशाला? फळीला दिवे लावा, छान दिसेल. हा मुलगा किती गोड लिहितो हो तुमच्याबद्दल!"

आक्काने माझ्याकडे पाहिलं. तोवर तिला पत्रकाचं काही माहीत नव्हतं.

त्याच दुपारी ती माहिती केंद्रात आली. एप्रन तसाच. रांगेतल्या पाहुण्यांना बाजूला सारून तिने पत्रक माझ्यासमोर आपटलं.

"वाच."

"आक्का, मी..."

"मोठ्याने वाच. शिकलायस ना?"

मी वाचलं. रांगेतलं कुणीतरी ‘वा’ म्हणालं.

"मुकादम येऊन गेला," ती म्हणाली. "तीन दिवस माणसं उपाशी राबतायत. शनिवारी सगळी वेळेवर जेवली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून कंत्राटदाराचे डबे. डबे आले की माझा गाळा वहिनीचा. समजलं?"

"मी दुरुस्त करतो. पत्रकं आता परत घेता येत नाहीत, पण मी दुसरीकडे लिहितो. जेवण वाईट आहे, जागा घाण आहे, असं लिहितो. कुणी येणार नाही."

"माझ्याबद्दल खोटं लिहायचा हक्क तुला कुणी दिला?"

मी पत्रकाची घडी घातली.

"आणि खरं लिहायचा तरी कुणी दिला होता?"

ती गेली. आमच्या मॅडम मागून म्हणाल्या, "काय पात्र आहे! पुढच्या पत्रकात तिचा फोटो घेऊ."

शुक्रवारी रात्री तिने फळी भिंतीवरून काढून आत नेली. शनिवारी सकाळी सात वाजता ती कारखान्याच्या फाटकाशी उभी होती. मीही गेलो. मदत होईल असं वाटलं. तिने मला हाकललं नाही, ओळखही दाखवली नाही. एकेक माणूस येत होता आणि ती विचारत होती, "जेवणार?"

आजवर तिने कुणाला असं विचारलं नव्हतं. माणसं गोंधळली. वेल्डरने मान खाली घालून ‘हो’ म्हटलं. सुतारकाका म्हणाले, "हो हो, येणार ना आक्का." दोघंतिघं नुसते हसले. तोंडावर ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. तेवीस जणांनी ‘हो’ म्हटलं. फाटकाच्या आत, भिंतीशी, कंत्राटदाराचे नमुन्याचे डबे त्या सकाळीच येऊन पडले होते. मला ते दिसत होते. तिला दिसले की नाही, ठाऊक नाही.

तिने तेवीस जणांचा स्वयंपाक केला. समुद्राकडचं दार आतून लावलं. बाराचा भोंगा झाला. मागच्या, कारखान्याकडच्या दाराने अकरा जण आले. घाईघाईत जेवले. एकमेकांकडे बघत नव्हते. सुतारकाका आले नाहीत. साडेबाराला मुकादम आला, वाढायच्या राहिलेल्या बारा ताटल्या पाहून टोपी काढून उभा राहिला.

"आक्का, माझ्या हातात काही नाही."

"माहीत आहे. पण ‘हो’ का म्हणाले?"

"तू विचारलंस म्हणून."

ती बाकड्यावर बसली. तिला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाहेरून कुणीतरी दार ठोठावत होतं. बंद आहे का, पत्रकात तर लिहिलंय, असं काहीसं बोलत होतं. मी दाराकडे निघालो.

"दाराला हात लावशील तर बघ," ती म्हणाली. "आणि मागच्या दाराने चालू लाग."

सोमवारी डबे आले. पंधरा दिवसांत वहिनीने समुद्राकडची भिंत पाडून मोठी काच बसवली. आक्का आता मासळीबाजारात एका कोळणीच्या शेजारी बसून मासे साफ करून देते. सुतारकाका रोज तिथून जातात. ती त्यांच्याकडे बघत नाही, तेही बघत नाहीत.

परवा मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. तिने मान वर केली नाही. सुरी चालूच होती. शेजारच्या कोळणीने विचारलं, "काय देऊ रे?"

"काय देऊ, ते काय विचारतेस?" आक्का म्हणाली. "त्यालाच विचार, कुठला मासा चांगला ते. लिहून देईल."

ओळीतल्या बायका खो खो हसल्या. आक्का हसली नाही. माशाचं डोकं तिने एका घावात वेगळं केलं, टोपलीत टाकलं आणि माझ्या मागच्या माणसाला म्हणाली, "तुमचं बोला."