शेवटच्या बाकापर्यंत

शिक्षकांना आवाज सांभाळायला शिकवणं हा माझा व्यवसाय. घरी मात्र सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडते असं नवऱ्याचं म्हणणं आहे, आणि ते खोटं नाही. घोडबंदर रोडवर एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं केंद्र आहे. आलेल्या शिक्षकाच्या डोळ्यांवर व्हीआरचा जाडजूड चष्मा चढवला, की त्याच्यापुढे चाळीस मुलांचा वर्ग उभा राहतो. मुलं खोटी, गोंगाट मात्र खराखुरा. शिक्षक बोलू लागला की माझ्या पडद्यावर एक पट्टी हलते. घसा न ताणता बोलला तर हिरवी, ताणला तर लाल. बहुतेकांची दोन मिनिटांत लाल होते. मग मी त्यांना श्वास कसा घ्यायचा, कुठे थांबायचं ते शिकवते.

सहदेव धुरी सर आले ते घशाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. वय छप्पन्न, गाव सावंतवाडीकडचं, राहायला डोंबिवलीत, आणि कोपरीतल्या एका मराठी शाळेत चौथीचे वर्गशिक्षक. शर्टाला कडक इस्त्री आणि आवाज पार फाटलेला. स्वरतंतूंवर गाठी आहेत, असं चिठ्ठीत होतं. तीन महिन्यांत बोलण्याची सवय सुधारली नाही तर ऑपरेशन, आणि पुढे वर्गात शिकवणं बंद.

"दोन वर्षं उरलीत हो मॅडम," सर म्हणाले. "मला वर्गातूनच निवृत्त व्हायचंय. ऑफिसात बसून दाखले लिहायला नको मला."

मी त्यांना चष्मा चढवला आणि गोंगाट सुरू केला. सर नुसतेच उभे. मला वाटलं, बावरले. पण ते बघत होते. आधी खिडकीजवळच्या टोळक्याकडे, मग मागच्या दोन मुलींकडे, एकेकाकडे सावकाश. शिक्षक थांबला की आमची मुलं हळूहळू निवतात, तशीच बनवली आहेत ती. जराशी शांतता झाली तसं सरांनी एक वाक्य टाकलं. पुन्हा थांबले. पुन्हा एक वाक्य. पट्टी हिरवीगार, आणि वीस मिनिटं हिरवीच राहिली.

मला चक्क राग आला. जे मी लोकांकडून दोन महिने घोकून घेते, ते हे गृहस्थ घरून शिकून आलेले. मग गाठी आल्या कुठून?

"सर, घरी भांडता का?"

"बायको भांडू देत नाही," ते म्हणाले. "वर्गात बोलूनच झालंय हे."

दर शनिवारी दुपारी ते यायचे. ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला तरी वेळेच्या अर्धा तास आधी हजर. तोवर खिडकीशी उभे राहून खालच्या पिवळ्या स्कूलबस बघत राहायचे. "या टॉवरांत माझे बरेच जुने विद्यार्थी राहतात," एकदा म्हणाले. "त्यांची पोरं या बसनं इंग्लिश शाळेत जातात. बरोबरच आहे त्यांचं." चष्मा काढायची वेळ झाली की हटकून विचारायचे, "अजून दहा मिनिटं राहू देता का?" आत असताना चेहरा असा खुलायचा की मला काढवत नसे. पट्टी हिरवीच असायची. महिन्यानं डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, तर गाठी वाढलेल्या.

तेव्हा मात्र मी तडक त्यांची शाळा गाठली.

फाटकातच त्यांचा आवाज ऐकू आला. दोन मजले उतरून तो खाली येत होता, ताणलेला, मध्येच चिरकणारा. एवढा कसला दंगा चाललाय म्हणून तावातावानं वर गेले आणि दारात थबकले. साठ मुलं मावतील अशी खोली. पुढच्या दोन बाकांवर आणि तिसऱ्याच्या टोकाला मिळून नऊ मुलं, अगदी चिडीचूप. सर फळ्यापाशी उभे राहून मागच्या भिंतीकडे बघत भूगोल सांगत होते, शिरा ताणून. मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं.

"सर, मुलं नाकासमोर बसलीत. कोणाला ऐकवताय?"

त्यांनी खडूचे हात झटकले.

"बासष्ट असायची मॅडम या खोलीत. मागचा बाक दिसायचा पण नाही, असा गच्च वर्ग. त्या बाकापर्यंत आवाज पोचवणं हीच माझी नोकरी होती. आता हळू बोललो ना, तर नऊच उरलीत हे माझ्याच तोंडून कबूल केल्यासारखं होईल. मला ती सगळी हवीत हो. अजून हवीत."

म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी महिनाभर गोंगाटाशी झुंजायला शिकवत होते आणि माणूस शांततेशी झुंजत होता. वर त्यांना जे हवं तेच मी दर शनिवारी चष्म्यातून दाखवत होते.

आमच्याकडे अद्वय म्हणून प्रोग्रामिंग बघणारा आहे. त्याच्याकडून मी चष्म्यातली मुलं कमी करायची सोय करून घेतली. सरांना सगळं खरंखरं सांगितलं. ते म्हणाले, "मागून कमी करा. पण आधी सांगा मला."

चाळीसांचे तीस करताना मी सांगितलं. त्यांनी मान वर करून शेवटच्या रांगेला म्हटलं, "जा, सावकाश जा. जिन्यात धावू नका." मी बटण दाबलं. पुढच्या शनिवारी विसांवर आलो, तेव्हाही तेच. मी पडद्याकडे बघायचं सोडून क्षणभर खाली रस्त्याकडे बघितलं, कारण मला ते बघवेना. दरवेळी पट्टी थोडा वेळ लाल व्हायची, मग आवाज एकेक पायरी उतरायचा. तिसऱ्या शनिवारी नऊ उरली. त्या दिवशी सर चार मिनिटं उभे होते, शब्द नाही. चष्मा काढू का, असं मी विचारणार, तेवढ्यात ते बोलले. जेवताना समोरच्याशी बोलावं तेवढ्या आवाजात. "चला, पुस्तकं काढा."

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. वर्गात घसा दुखला नाही म्हणाले. मी आनंदानं काहीतरी बोलायला लागले, तर त्यांनी थांबवलं.

"ऐका ना. पुढच्या बाकावर समीक्षा नावाची मुलगी आहे. आज तास संपल्यावर जवळ आली. म्हणाली, सर, आज तुम्ही आमच्यावर चिडला नाहीत? मी म्हटलं, अगं, मी कधी चिडतो? तर नऊच्या नऊ जणांनी खाली माना घातल्या."

"मग?" मी विचारलं.

"पहिलीपासून माझ्याकडे आहेत ही, दरवर्षी मीही यांच्याबरोबर वरच्या वर्गात आलो," सर म्हणाले. आवाज अगदी स्वच्छ लागला होता. "एप्रिलमध्ये जातील आता. चार वर्षं समोर बसली, आणि मी त्यांच्याशी बोललोच नाही हो."