खोटं बोलायला शिकलेले मामा

म्हातारपणी खोटं बोलायला शिकून पुण्य कमावलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेला त्यांची वाडी. तिथं भरदुपारी ढग ओटीवरून घरात शिरायचा, परसातून निघून जायचा, आणि त्या धुक्यातून मामांचा आवाज यायचा, कुणाला तरी खरं सांगत असलेला. खऱ्याचं त्यांना व्यसनच होतं. पुतण्याला बघायला आलेल्या मंडळींना चहाबरोबर त्यांनी सांगून टाकलं, "पोरगा मुंबईला हाय, पन नोकरीला नाय." सोयरीक तिथंच मोडली. माझ्या लग्नात मला बाजूला घेऊन म्हणाले, "फेटा तुला शोभत नाय रे." तो खरंच शोभत नव्हता.

मग आत्या विसरू लागली. आधी भातात मीठ दोनदा, मग शेजारणीचं नाव, मग स्वतःच्या आईचं मरण. "आय दासगावला एकटी हाय, मला जायाचं हाय," म्हणत पदर खोचून निघायची. मामा दारात आडवे. "तुजी आय मेली गो, कितीतरी वरसं झाली!" ते आत्या दर वेळी पहिल्यांदाच ऐकायची आणि दर वेळी ताजं रडायची. वाडीत कुणी म्हणे बाहेरचं लागलंय, कुणी म्हणे वय झालं. "खरं तं सांगायलाच पायजे," म्हणत मामा परसात जाऊन डोळे पुसायचे.

शेवटी मी दोघांना महाडला घेऊन गेलो. विसरण्याच्या आजाराची तपासणी एका दवाखान्यात वरच्या मजल्यावर व्हायची. जिना बघून आत्या घाबरली, पायरीवर बसली ती उठेना. मामाही शेजारी बसले. "वर आल्याशिवाय नंबर लागणार नाही," शिपाई म्हणाला.

"ज्याला जिना कळतो, तो हितं कशाला येल?" मामा म्हणाले. "वरच्यांनाच खाली बोलव."

बऱ्याच वेळाने नर्सबाई खाली आल्या आणि सरळ पायरीवर आत्याला खेटून बसल्या. त्याही याच मुलखातल्या. आत्याशी गप्पा मारता मारता त्यांनी हवं ते सगळं विचारून घेतलं. मग मामांना म्हणाल्या, "हा मेंदूचा आजार हाय, मामा. खूळ नाय, भूत नाय. आयकडं जाते म्हनली, तं आय कशी होती ते विचारा."

"म्हंजे खोटं बोलू?"

"तिच्यासंगं थोडं चाला."

मामांचं पहिलं खोटं फार वाईट होतं. "तुजी आय... बाजारात गेली हाय," म्हणताना त्यांचे कान लाल झाले. पण महिन्याभरात ते इतके तयार झाले, की आत्याची आई कधी बांगड्या भरायला जायची, कधी सुकट वाळवत बसायची, आणि आत्या ऐकता ऐकता हसायची. खरं त्यांनी वाडीसाठी राखून ठेवलं. घरोघर जाऊन सांगायचे, "तुजा बाप खुळा नाय, आजारी हाय. महाडला ने." पुढच्या खेपेला जीपमधून चार म्हातारी माणसं घेऊन उतरले, तेव्हा तपासणीचं टेबल खालच्या पडवीत मांडलेलं होतं.

गेल्या श्रावणात मी वाडीवर गेलो. ओटीवर ढग उतरला होता. बाजेवर बसलेली आत्या मामांकडे बराच वेळ बघत राहिली आणि परक्या माणसाशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "आमचे हे अजून आले नाय वो."

मामांचे ओठ हलले.

"येतायत," ते म्हणाले. "शेतावरनं निघालेत."

"मंग तवर बसा की," आत्या म्हणाली, आणि सरकून तिनं त्यांना शेजारी जागा करून दिली.