चार गल्ल्यांपलीकडचे माहेर

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेनासे झाले होते. माझे यजमान ब्राह्मणपुरीजवळच्या एका खेड्यात मास्तर होते आणि एका शेतकऱ्याच्या घरातली पुढची खोली आम्हाला राहायला मिळाली होती. चैत्र संपत आला तसा घरमालक म्हणाला, आखाजीला माझ्या तिन्ही लेकी यायच्या आहेत, खोली लागेल. त्याचे काही चुकले नव्हते. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. त्या आल्या की मास्तर काय, मामलेदारालाही खोली सोडावी लागेल.

मला आठवा महिना सरत आला होता. खोली मिळाली नाही तर मी नाशिकला थोरल्या दिरांकडे जायचे, असे ठरले. माझे पहिले बाळंतपण तिथेच झाले होते आणि ते मूल वाचले नव्हते. त्या घरात मला पुन्हा पाऊल टाकायचे नव्हते.

यजमान कोट-टोपी घालून घरोघर विचारून आले, “भाड्याने खोली आहे का?” प्रत्येकाने बसायला घोंगडी टाकली, गूळ-पाणी दिले आणि नाही म्हटले. ते निमूट परत आले. मी निमूट बसणाऱ्यांतली नव्हे. चार गल्ल्या सोडून एका विधवा बाईचे घर होते. तीन मुलगे हाताशी घेऊन ती शेती करायची. तिची एक खोली रिकामी असल्याचे सगळ्या गावाला ठाऊक होते. मी भर दुपारी पोट सांभाळत तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

“खोली रिकामी आहे, आम्ही भाडं द्यायला तयार आहोत, मग नाही का म्हणालात?”

ती शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, “भाडानी खोली मन्हाकडे नही शे.” मग माझ्याकडे नीट बघून विचारले, “तुले माय शे का?”

“नाही. आई-वडील दोघेही तापाच्या साथीत गेले.”

“भाऊ?”

“तोही नाही.”

“बरं. जा घर.”

एवढेच. मी घरी येऊन ट्रंक दाणकन उघडली, कपडे कोंबले आणि यजमानांना म्हटले, काढा नाशिकची तिकिटे. त्या दिवशी गावाला मी काय काय बोलले, ते आठवले की अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दमणी येऊन उभी राहिली. बैलांना झुली, गळ्यात घुंगरमाळा. त्या बाईचा थोरला मुलगा धुतलेली टोपी घालून खाली उतरला आणि मान खाली घालून म्हणाला, “मायनी धाडं. बहीणले लेवाले ऊनू.”

आखाजीला भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जातो. पण चार गल्ल्यांसाठी मुराळी कुणी पाहिलाय? त्यातही आईचा हुकूम होता, म्हणून त्याने गाडी सरळ न नेता वेशीवरून आणि पारावरून फिरवून नेली. बाया दारात येऊन हसत होत्या. मी हसत होते आणि रडतही होते. तिने दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि खडसावले, “मास्तरकडतीन भाडं लिधं तर गाव मन्हा तोंडमा शेण घाली. लेक घर येस, तिन्हाकडतीन कोणी भाडं लेस का?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही भाडे विचारत हिंडलो आणि ज्याच्या त्याच्या दारात स्वतःला परके ठरवून आलो.

संध्याकाळी यजमान आले आणि पुन्हा भाड्याचेच बोलले. सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही, म्हणून तिने पदर पुढे ओढून मुलाला सांगितले, “जावाईले सांग, आखो भाडानं नाव काढं ते आमरस भेटाव नही.” आमरसापुढे यजमानांचा स्वाभिमान टिकला नाही.

आखाजी झाली. लेकींसाठी झाडांना बांधलेले झोके उतरले. गावातल्या लेकी एकेक करून सासरी निघाल्या. मलाही रीत कळत होती. मी ट्रंक भरली आणि तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. “मी कधी निघू?” मी विचारले.

तिने ट्रंकेकडे पाहिले, माझ्या पोटाकडे पाहिले. “तुन्हा नवरा आठलाच शाळामा शे ना? मंग तुन्हं सासर बी आठेच, माहेर बी आठेच. तू जाशी कथा?” खरेच, मी जाणार तरी कुठे होते?

आम्ही त्या खोलीत नऊ वर्षे राहिलो. तिचे उपकार मानायला गेले की ती अंगावर यायची, म्हणून तेव्हा जे बोलता आले नाही ते इथे लिहिते आहे. आखाजीनंतर बाराव्या दिवशी पहाटे माझी मुलगी त्याच खोलीत जन्मली. आणि जगली.