उभं राहता येईल अशी गाडी

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा घरात आम्हा दोघांची म्हणावी अशी जागा नव्हती. दोन खोल्या, त्यात सासू-सासरे, धाकटा दीर आणि नणंद. आतल्या खोलीत साडीचा पडदा बांधून आमची सोय केली होती. पडद्यापलीकडे सासरे खोकत पडलेले असायचे. नवऱ्याशी काही बोलायचं तर आवाज किती ठेवावा याच विचारात मी असायची आणि तेवढ्यात बोलायचंच राहून जायचं.

यजमानांचा धंदा चादरी-टॉवेलांचा. दुकान नव्हतं, गाडी होती. कुणाच्या तरी जुन्या मालमोटारीच्या सांगाड्यावर होटगी रस्त्याच्या एका मिस्त्रींनी लाकडी बॉडी बांधून दिली होती, वर पत्रा ठोकला होता. ती घेऊन ते अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी असे आठवडी बाजार करत पार इंडीकडे जायचे आणि आठवड्याचे निम्मे दिवस बाहेर काढायचे. झोपणं, रांधणं सगळं गाडीत.

मला मूल झालं नाही. दोन-तीन वर्षं गेल्यावर सासूबाई माझ्याकडे बघेनाशा झाल्या. मग एकदा माझे यजमानच म्हणाले, "हिला संगं नेतो. गिऱ्हाईक बायका बाईशी मोकळ्या बोलतात." कुणी अडवलं नाही. घरात मी असले काय, नसले काय, सारखंच होतं.

गाडीत मला नवरा मिळाला, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. घरात मान खाली घालून जेवणारा हा माणूस गाडी शहराबाहेर पडली की बोलायला लागायचा. लहानपणी वडिलांचा मार चुकवायला कुठं लपायचा, शाळा का सोडली, माझं त्याला काय आवडतं, काय नाही, सगळं. मागच्या बाजूला चादरींच्या गठ्ठ्यांवर रुंद फळ्या टाकलेल्या असत, त्यावर आमचं अंथरूण. सकाळी मी स्टोव्ह पेटवायची आणि ताठ उभी राहून केस विंचरायची. पत्रा डोक्याच्या चांगला वर होता. बाहेर बाजार भरायला लागलेला असायचा. कानडी, मराठी मिसळून बायकांचं बोलणं ऐकू यायचं आणि मला घाई नसायची.

गाडीत दोष पुष्कळ होते. उन्हाळ्यात आत भाजून निघायचं. पावसात एका कोपऱ्यात पातेलं ठेवावं लागायचं. चढाला इंजिन तापायचं, मग रस्त्याकडेला बसून राहा. बाजाराच्या गल्लीत ती शिरायची नाही, म्हणून माल डोक्यावर वाहायचा. सगळ्यात वाईट तिचं स्टेअरिंग. वळणावर ते दोन्ही हातांनी ओढताना यजमानांच्या मानेच्या शिरा फुगायच्या.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी ते पाठ दुखते म्हणायला लागले. दवाखान्यात एकटेच जाऊन आले. मग म्हणाले, "मिस्त्रीनं लहान गाडी बांधलीय. आधीच्या लहान गाड्यांत लई गैरसोय होती, आता समदं नव्यानं केलंय म्हणं. चल, बघून येऊ."

दुपारी आम्ही गेलो. शेडमध्ये ती गाडी उभी होती. बुटकी, निळी, नाकाला जरा गोल. मिस्त्रींनी बाजूचा पत्रा वर उचलून टेकू लावला, तर त्याचीच सावली झाली. खाली माल मांडायला फळी. फळीखाली ओढायचे खण, एका खणात स्टोव्ह बसवलेला. खिडकीला डासांची जाळी. पावसाचा थेंब आत येणार नाही असं ते म्हणाले आणि तसं दिसतही होतं.

"वयनी, हे बघा. वर असली की दुकान, खाली पाडली की झोपायची जागा," त्यांनी फळी आत घेऊन दाखवली.

मी आत चढले. डोकं छताला लागलं. मान वाकवून मी सगळीकडे हात फिरवला. खरं सांगायचं तर गाडी मला आवडली. आमच्या गाडीत ज्या ज्या गोष्टीनं जीव नकोसा व्हायचा, ती इथं कुणीतरी विचार करून काढून टाकली होती.

"दुसरी फळी कुटं हाय?" मी विचारलं.

मिस्त्रींनी यजमानांकडे पाहिलं. "मालकांनी एकच सांगितली होती," असं म्हणून ते चहा सांगायला बाहेर गेले.

यजमान पुढं स्टेअरिंगपाशी बसले होते. मी मागून म्हणाले, "अहो, मी कुटं झोपायचं?"

"तू घरी."

"आणि तुमी?"

"मीबी घरीच." मग म्हणाले, "पाठ न्हाय ती. छातीचं दुखणं हाय. डॉक्टर म्हणाला, गाडी सोडा. आता धाकटा चालवंल. त्याला एकट्याला एक फळी पुरं."

"मला कदी सांगणार होता?"

"घरात कुटं सांगू? समद्यांना ऐकू जातंय. म्हणून हितं आणलं तुला."

मी वाकून उभी होते, ती तशीच खाली बसले. बोलले ते गाडीचंच. "जुनीच ठेवू की. भावजींना शिकवा."

"ते चाक ओढून माझं झालं ते त्याचं व्हावं का?"

मग आम्ही तिथं बसून दोन्ही गाड्यांचा हिशोब केला, जणू अजून आम्हालाच तिच्यातून फिरायचं आहे. ही हलकी, गल्लीत जाणारी, गळणार नाही. ती मोठी, पण खिळखिळी. कुठूनही मोजलं तरी नवीच उजवी ठरत होती. मिस्त्री चहा घेऊन आल्यावर मी एवढंच म्हणाले, "छत हातभर वर घ्या. माणसाला उभं राहता यावं."

"वर घेतलं तर वाऱ्यानं डुलंल, वयनी. बुटकी हाय म्हणून तर रस्ता धरती."

तेही बरोबरच होतं.

जुनी गाडी पंढरपूरकडच्या एका भांडेवाल्यानं नेली. तो यायच्या आधी मी ती आतून धुऊन काढली. यजमान जवळ उभे राहिले, पण आत चढले नाहीत. दीर नव्या गाडीवर पटकन तयार झाला. विक्री वाढली. "लई गुणाची गाडी हाय, वयनी," तो सांगायचा, आणि मी मनापासून बरं म्हणायची. त्या गाडीला नावं ठेवायला मला जागाच सापडली नाही.

यजमान उंबऱ्याशी बसून राहू लागले. दोघांत बोलणं उरलं ते औषध घेतलं का, चहा ठेवू का, एवढंच. कधी संध्याकाळी म्हणायचे, "सिद्धेश्वराला जाऊन येऊ." तळ्याच्या काठी आम्ही बसायचो. त्यांनी तोंड उघडलं की कुणी ओळखीचं भेटायचं, तब्येत विचारायचं, आणि ते पुन्हा गप्प व्हायचे. एकदा कुणीच आलं नाही, तर आम्हालाच काही सुचलं नाही. सवय मोडली होती. पुढं तेवढं चालणंही त्यांना झेपेना.

दिराचं लग्न झालं तेव्हा आतली खोली त्या दोघांना दिली. आमचं अंथरूण बाहेर, येण्याजाण्याच्या वाटेवर आलं. मीच तसं सुचवलं होतं. नव्या पोरीला दार तरी असावं, असं मला वाटलं.

ते गेले त्या दिवशी घरात माणसं पुष्कळ होती. नणंद माहेरपणाला आली होती, कुणी कुणी बघायला आलं होतं. मी सगळ्यांचा चहा करत होते. धाकटी जाऊ डोळ्यांना पदर लावून दारात येऊन उभी राहिली. मी स्टोव्ह बंद केला, पातेलं खाली उतरवलं आणि बाहेर गेले.