शटरमागचा उतरता खांदा

शिंप्याच्या दुकानातला कटर मास्तर सकाळी शटर अर्धं ओढून आत कुणा बाईशी बोलतो, ही बातमी गल्लीत आणली शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशींनी. स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं त्यांनी. "छाती छत्तीस, कंबर तीस. डावा खांदा जरा उतरता आहे, पण काळजी नको, मी सांभाळून घेतो." असलं काही कानावर आल्यावर इस्त्रीकडे कुणाचं लक्ष राहणार? एका गिऱ्हाइकाची बाही करपली, तेव्हा कुठे मावशी भानावर आल्या.

दुपारपर्यंत बातमी तिखटमीठ लावून मास्तरच्या बायकोपर्यंत पोचली. तिने हसून उडवून लावली. पण हसणं काही केल्या टिकेना. कारण एकोणीस वर्षं तीन हाका मारल्याशिवाय न उठणारा हा माणूस गेले तीन महिने आपणहून उठत होता, दाढी करत होता, वर अर्धा तास आधी घराबाहेर पडत होता. "अहो, एवढ्या लवकर कुठे?" विचारलं की म्हणायचा, "काम आहे." नवरा बिघडला तर भांडता तरी येतं, हा सुधारला होता, आता याचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या मागोमाग निघाली. मावशींनी तिला येताना पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवून शटरकडे खूण केली. आतून मास्तरचा आवाज आला, तोही लाडीगोडीचा. "पाठ सोळा... हं, आता जरा बाही बघू या."

"बघाच!" म्हणत ती वाकून थेट आत शिरली.

आत मास्तर एकटाच. समोर मापांची वही, डाव्या हाताचं बोट टेपवर, आणि कपाटाशेजारी कुणी लपेल म्हणावं तर तिथे अस्तराचे गठ्ठे.

"ती कुठंय?"

"कोण ती?"

"उतरत्या खांद्याची!"

मास्तरने वहीचं कालचं पान उलटून दाखवलं. "अगं, ते पोस्टमन आहेत. उभं आयुष्य एका खांद्यावर थैली."

बाहेर मावशींना ठसका लागला.

मग सगळं बाहेर आलं. मास्तरला आपल्या स्मरणशक्तीचा फार तोरा. माप एकदा घेतलं की वही उघडणं तो कमीपणाचं समजायचा. तीन महिन्यांपूर्वी याच तोऱ्यात त्याने एका गिऱ्हाइकाच्या जावयाचा कोट सासऱ्याच्या मापाने कापला. कोट घालून जावई आरशासमोर उभा राहिला, तर आत आणखी एक जावई मावला असता. दुकानाचे मालक म्हणाले, "पुन्हा असं झालं तर कात्री खाली ठेवायची आणि बटणं लावायची."

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी टेप कात्रीला घट्ट गुंडाळून ठेवायचा. सकाळी कात्री हवी तर आधी टेप सोडवावा लागे. टेप हातात आला की वही उघडायची, आणि दिवसभराचं प्रत्येक माप, गिऱ्हाईक समोर उभं असल्यासारखं, मोठ्याने वाचून टेपवर बोट ठेवायचं. पहिले पंधरा दिवस कंटाळा आला, चिडचिड झाली. आता मात्र वाचल्याशिवाय हात कात्रीकडे वळतच नसे.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"बावीस वर्षं कात्री चालवणारा कटर वही वाचतो, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

ती स्टूल ओढून बसली. "वाचा पुढे. मी ऐकते."

"पँट. लांबी चाळीस, सीट..." त्याने टेपवर बोट टेकलं, "बेचाळीस."

तिने वहीत डोकावलं. "चव्वेचाळीस लिहिलंय."

मास्तरने वही जवळ घेतली, पुन्हा वाचलं आणि बोट दोन इंच पुढे सरकवलं.

शटरमागे बाई नव्हती. चुकून कापड वाया जाऊ नये आणि हातातली कात्री जाऊ नये, म्हणून एक माणूस कामाआधी अर्धा तास वही वाचत होता.