चांगुणाबाईंच्या घरचे उपास

आफ्रिकेत चार वर्षं शिकवून आलेल्या बाईला तुम्ही पहिलं काय विचाराल? खरं सांगा. सिंह पाहिला का, हेच ना?

चांगुणा निरभवणे यांना १९८३ साली नाशकात सगळ्यांनी हेच विचारलं. दूधवाल्यानं विचारलं, शेजारणीनं विचारलं, आणि पेठेतल्या वाचनालयाच्या चिटणिसांनी तर इंदिरानगरात, त्यांच्या नव्या दोन खोल्यांच्या घरी येऊन विचारलं. तिकडे अजून घरं कमी आणि बाभळी जास्त. चिटणीस साहेबांच्या धोतराला काटे लागलेले.

"बाई, तुमचं व्याख्यान ठेवायचंय. झांबियातले अनुभव. जंगल, प्राणी, तिकडच्या लोकांच्या चालीरीती. जरा गमतीजमती. अध्यक्ष कोण, माहितीय? सोनांबेकर सर!"

चहाचा कप तसाच ठेवून साहेब उठले. म्हणाले, "आज नको, पित्त वाढलंय."

बाईंनी व्याख्यानाला होकार तेवढा दिला. सरांचं नाव ऐकून बाईंचं डोकं आधीच तापलं होतं.

चांगुणाबाई नांदगावच्या. वडील रेल्वेत गँगमन. लेक गणितात बीएस्सी झाली, बीएड झाली, आणि नाशकातल्या एका संस्थेच्या मुलींच्या शाळेत लागली. झांबियाला मास्तर हवेत अशी जाहिरात आली तेव्हा संस्थेनं लेखी बिनपगारी रजा दिली. परत आल्यावर मात्र संस्था म्हणाली, जागा भरली, बघू. जून गेला, गणपती गेले, बाई घरीच. आणि संस्थेच्या कार्यकारिणीवर आता कोण? तेच सोनांबेकर सर.

हे सर झांबियात बाईंच्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. शेजारचं क्वार्टर. पहिले सहा-सात महिने सर आणि वहिनी बाईंच्या हातची झुणका-भाकर चाटूनपुसून खायचे. "निरभवणे म्हणजे कुठले?" असं वहिनींनी एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "नांदगावचे." तेवढ्यावर भागलं. मग चौदा एप्रिल आली. बाईंनी ट्रंकेतून बाबासाहेबांचा फोटो काढला, भिंतीवर लावला, मेणबत्त्या पेटवल्या आणि खीर करून दोघांना बोलावलं. दोघं आले. फोटो पाहिला. सर म्हणाले, "अरेरे, आज आमचा उपास."

पुढच्या रविवारी चतुर्थी. त्याच्या पुढं एकादशी. मग वहिनींचे सोळा सोमवार, ते सोळाला काही थांबले नाहीत. बाईंनी भात टाकला की तिकडं तिथी उगवायचीच. नाशकात शिळं झालेलं सोवळं समुद्र ओलांडून ताजं झालं होतं.

आणि त्याच गावात हेडमास्तरांची बायको, मिसेस मुडेंडा. पहिल्याच भेटीत तिनं बाईंच्या हातावर तांब्यानं पाणी घातलं. मध्ये एकच मोठं ताट. पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट उंडा, आपल्याकडच्या घाट्यासारखा, आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याचं कूट घातलेली. सगळ्यांचे हात त्या एका ताटात. बाई नवख्या म्हणून मऊ घास मोडून त्यांच्या बाजूला सरकवलेला. वर्षभरानं मिसेस मुडेंडांनीच विचारलं, "तुमच्या देशाचे हे लोक तुमच्याकडे आले की एवढे उपाशी का राहतात?"

मुलांना बीजगणित इंग्रजीत शिकवणाऱ्या बाईंना ह्याचं उत्तर इंग्रजीत देता आलं नाही. लाज वाटली. आणि लाज आपल्याला का वाटावी, ह्याचा राग आला.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी सहादू, म्हणजे बाईंचा नवरा, त्या झांबियात असताना नाशकातच नोकरीला राहिलेला, कचेरीतून आला आणि समजुतीनं म्हणाला, "चांगू, अर्धा तास सिंह-हत्तींवर बोल. सर खूश होतील. दिवाळीनंतर शाळेत हजर होशील. एवढ्यासाठी हातची नोकरी घालवू नको."

"आणि फोटोचं? उपासाचं?"

"ते घरात ठेव."

बाईंची आई, कुसाबाई, नांदगावहून आलेली. ती कोपऱ्यात शेंगा फोडत होती. म्हणाली, "जावई, आपण त्या सरांचं काय खाल्लंय का? नाय ना? आन् त्यांनी तर आपलं खायाचंच सोडलं. मंग भ्यायचं कशाला?"

सहादू हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी मक्याचं पीठ दळून आणायला तोच गेला.

सभा संध्याकाळी सहाची. सभागृह भरलेलं. शाल झाली, नारळ झाला. सोनांबेकर सर प्रास्ताविकाला उठले. "आमच्या ह्या भगिनी. परदेशात आम्ही एका कुटुंबासारखे राहिलो. जात नाही, पात नाही!"

टाळ्या पडल्या. बाई उठल्या.

"अध्यक्ष म्हणाले, कुटुंबासारखे. मग त्या कुटुंबात काय शिजायचं आणि कोण जेवायचं, तेच सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. खीर सांगितली, फोटो सांगितला, सोळा सोमवार सांगितले. मिसेस मुडेंडांचं ताट सांगितलं. सभेत आधी हसू, मग चुळबूळ, मग चिडीचूप. चिटणिसांनी चिठ्ठी सरकवली. बाईंनी ती मोठ्यानं वाचली. "विचारतायत, सिंह पाहिला का. नाही पाहिला, साहेब. सिंह जंगलात असतो. मी शाळेत होते."

सरांचा चेहरा लाल. "निरभवणे बाई, हे शोभत नाही. त्या रविवारी खरोखरच चतुर्थी होती."

मागून कुसाबाईंचा आवाज आला, "आवं सर, मंग चांद उगवल्यावर सोडाया तरी यायचं व्हतं!"

अख्खं सभागृह फुटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून डबा काढला, टेबलावर एकच परात मांडली. वाफाळता घाटा, भोपळ्याचा पाला. तांब्या हातात घेतला.

"सर, मी कॅलेंडर बघून आलेय. आज उपास नाही. पाणी घालते, हात पुढं करा. उद्या मला शाळेत घ्या नाहीतर घेऊ नका, पण आज ह्या लोकांसमोर एक घास घ्या."

सरांनी हात मागं नेले. म्हणाले, "मी... मी जेवून आलोय."

संध्याकाळी सहाला! नाशकात सहाला जेवून कोण निघतं हो?

बाईंनी परातीला हात लावला आणि पहिला घास स्वतः खाल्ला. मग सहादू आला. मग तिसऱ्या रांगेतल्या भागीबाई, त्याच शाळेतल्या मराठीच्या शिक्षिका, सगळ्यांच्या देखत व्यासपीठ चढल्या आणि परातीत हात घालून म्हणाल्या, "मीठ कमी आहे गं." इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये बसून त्यांनी बाईंचा डबा पहिल्यांदा चाखला होता. अध्यक्ष समारोप न करताच निघून गेले.

संस्थेनं बाईंना आजतागायत घेतलेलं नाही. "शिस्तभंग" म्हणे! रजेचा कागद घेऊन बाई कोर्टात गेल्यात. भागीबाईंनी साक्षीला नाव दिलंय आणि त्याबद्दल मुख्याध्यापिकांची बोलणी खाल्लीयत. सहादू तारखांना रजा टाकून सोबत जातो. "अर्धा तास सिंहावर बोलली असतीस तर," असं कुणी म्हणालं की बाई त्याला दारातूनच वाटेला लावतात. पश्चात्ताप? नाव काढू नका.

दर रविवारी सकाळी बाई अंगणात वस्तीतल्या मुलींना गणित शिकवतात. दुपारी मोठी माणसं जमतात, तेव्हा झांबिया सांगतात. सांगून झालं की परात मध्ये येते.

तर वाचकहो, तुम्हीही या. इंदिरानगरात कुणालाही विचारा, घर दाखवतील. जातीचा दाखला नको, वर्गणी नको. मेहरबानी करून एवढंच करा, येताना जेवून येऊ नका.